डोंगर वाचायचा कसा? सातारा-सांगलीच्या उतारांवर रोप लावण्याआधीचा अभ्यास

डिसेंबरात वाईहून मेणवलीकडे जाताना उजव्या हाताला पांडवगडाचा डोंगर दिसतो. गवत वाळून पिवळं पडलेलं असतं आणि त्या पिवळ्यावर आडव्या हिरव्या पट्ट्या उठून दिसतात. कडा, त्याखाली झाडांची पट्टी, मग गवताचा उतार, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी. इरकली लुगड्याच्या काठासारख्या सरळ. त्या पट्ट्या कुणा माणसाने लावलेल्या नाहीत, खडकाने लावल्यात.

मला हे कळायला उशीर झाला. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या टेकडीवर आम्ही पोरांनी हौसेने दोनशे रोपं लावली होती. वड, पिंपळ, आंबा, आवळा, जे मिळालं ते. दोन उन्हाळे कळशीने पाणी नेलं. तिसऱ्या वर्षी मोजली तर जिवंत अकरा. त्यातली नऊ एकाच आडव्या ओळीत. पुढे एका विहीर खोदणाऱ्या गड्याने ती ओळ बघितली आणि दोन मिनिटांत सांगितलं, "इथं मांजऱ्या हाय, बाकी समदा कातळ." आम्ही एकशे नव्वदेक रोपं वीतभर मातीखालच्या अखंड दगडावर टेकवून आलो होतो.

तेव्हापासून कुणी डोंगरावर झाडं लावायचं बोललं की मी आधी एक दिवस नुसतं फिरायला सांगतो. हा लेख त्या एका दिवसाचा आहे. गावच्या मंडळाला, शाळेला किंवा स्वतःच्या पडीक डोंगरपट्टीचं काय करायचं या विचारात असलेल्या शेतकऱ्याला तो पुरेसा पडावा.

निघण्याआधी खडकाविषयी एवढं माहीत असू द्या

आपले डोंगर लाव्हाचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि थंड झाले. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट काळा पाषाण, तर वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी भोकाभोकांचा. त्या भोकांत पुढे पांढरी-हिरवट खनिजं भरली. त्यालाच विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. काळा पाषाण झिजत नाही, त्याचा कडा होतो. मांजऱ्या लवकर कुजतो, त्याचा मुरूम होतो आणि तिथे उतार किंवा सपाट टप्पा तयार होतो. म्हणून आपला डोंगर जिन्यासारखा दिसतो.

दोन थरांच्या मध्ये कधी कधी तांबड्या, गेरूसारख्या चिकट मातीचा पातळ पट्टा असतो. पाणी त्यातून खाली जात नाही, आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीत झरा होऊन बाहेर पडतं. कमळगडावरच्या कावेच्या विहिरीत उतरलात तर गेरूच्या भिंती हाताला लागतात. डोंगराच्या अर्ध्यात अचानक उंबर किंवा जांभूळ दिसला की असा पट्टा किंवा भेग तिथे असणार असं समजून शोध घ्यावा.

पश्चिमेकडे, म्हणजे महाबळेश्वर, पाचगणी, कास, चाळकेवाडी आणि शिराळ्याकडे चांदोलीच्या सड्यांवर (सडा म्हणजे उघडं, सपाट कातळाचं पठार), या काळ्या दगडाच्या डोक्यावर जांभ्याची टोपी आहे. लाखो वर्षांच्या पावसाने दगडातला चुना, सिलिका, विरघळणारं सगळं धुऊन नेलं, मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरलं, त्याचा जांभा झाला. पूर्वेकडे, माण-खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळला, नेमकं उलटं. तिथे पाऊस इतका कमी की चुना धुऊन जातच नाही. तो मातीत खाली साठतो आणि चुनखडीचे पांढरे खडे होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जेमतेम तीसेक किलोमीटरवरच्या वाईला हजाराच्या आत आणि म्हसवडला पाचशेच्या आसपास. एका जिल्ह्यात एवढा फरक असताना सगळ्या तालुक्यांना एकाच रोपवाटिकेतून एकच यादी जाते. यावर काय बोलायचं.

सोबत काय घ्यायचं

पहार, खुरपं, दोन लिटर पाणी (तपासणीचं, पिण्याचं वेगळं), दोन लिंबं, झाकणाची काचेची बरणी, दोन्ही तोंडं कापलेला पत्र्याचा डबा, शाळेतलं कोनमापक, त्याच्या मध्यबिंदूला दोरा बांधून लटकवलेला नट, पाच मीटरची दोरी, वही. होकायंत्र मोबाइलमध्ये असतंच. सोबत गावातला एक गुराखी किंवा डोंगरावर सरपणाला जाणारी एखादी आजी असावी. झाडांची नावं त्यांना येतात, आणि कुठली घळ कधी आटते हेही.

जमीन वनखात्याची असेल तर आधी परवानगी काढा. अभयारण्यात किंवा कासच्या राखीव भागात पहार घेऊन जायचंच नाही. तिथे फक्त डोळ्यांनी बघायचं.

पहिली पायरी: दुरून बघा

दिवाळी झाल्यावर ते संक्रांतीपर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात सगळंच हिरवं असतं, त्यातून काही कळत नाही. मे महिन्यात सगळंच करपलेलं. डिसेंबरात मात्र ज्याच्या मुळाशी ओल आहे तेवढंच हिरवं राहतं.

समोरच्या टेकाडावर किंवा रस्त्यावर उभं राहून डोंगराचं साधं चित्र काढा. कडे कुठे, टप्पे कुठे, घळी किती, हिरवे पट्टे कुठे. वणव्याचे काळे डाग असतील तर तेही. हे चित्र कितीही वेडंवाकडं आलं तरी चालतं. दुपारी वर गेल्यावर आपण कुठे उभे आहोत हे त्याच्यावरूनच कळतं.

दुसरी पायरी: माथ्यापासून ओढ्यापर्यंत एक रेघ

संपूर्ण डोंगर फिरायचा मोह टाळा. माथा, वरचा उतार, मधला टप्पा, खालचा उतार, पायथा आणि ओढा अशी एक सरळ वाट धरा आणि जिथे जिथे गवत, झाडं किंवा दगड बदलतो तिथे थांबा. साधारण सहा-सात थांबे होतात. शक्य असेल तर दुसरी रेघ डोंगराच्या विरुद्ध बाजूने. त्याचं कारण पुढे येईल.

तिसरी पायरी: माती किती खोल

सगळ्यांत महत्त्वाचं काम हेच. दिवसभरात दुसरं काही जमलं नाही तरी एवढं करा.

प्रत्येक थांब्यावर पाच-सहा ठिकाणी पहार मारा. खणखणीत आवाज येऊन पहार उडाली तर खाली पाषाण. करकर करत थोडी थोडी आत गेली तर मुरूम किंवा मांजऱ्या. मऊ गेली तर माती. खोली बोट, वीत, हात या मापात लिहिली तरी पुरे. मी तसंच लिहितो, कारण झाडंही साधारण त्याच मापाने बदलतात.

बोटभर मातीत झाड येत नाही. तिथे पावसाळ्यापुरती जगणारी फुलं, शेवाळ, छोटी गवतं. वीतभर मातीत गवत, कंद आणि खुरटी झुडपं. हातभर मातीत करवंद, गेळा, तरवड, हेकळ अशी झुडपं आणि कणखर झाडं. पण खाली फुटका मुरूम असेल तर वीतभर मातीही झाडाला चालते, कारण मूळ भेगांतून उतरतं. अखंड कातळावरची हातभर माती त्यापेक्षा वाईट. पावसात तिथे पाणी तुंबून मूळ कुजतं आणि एप्रिलमध्ये तीच माती तव्यासारखी तापते. आमची रोपं गेली ती अशीच.

चौथी पायरी: माती हातात घ्या

मूठभर माती भिजवून मळा आणि तळहातावर वळी करा. वळी होतच नसेल तर भरड, रेताड माती. वळी होते पण वाकवली की तुटते तर मध्यम, पोयट्याची. वळीची बांगडी करता आली तर चिकण. काळी चिकण माती उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या ताणाने नाजूक मुळं तुटतात. म्हणून काळ्या रानात बाभूळ, हिवर, पळस असे चिवट गडी टिकतात.

बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चांगलं हलवून ठेवा. भरड कण मिनिटभरात तळाशी बसतात, मधले तासाभरात, चिकण दुसऱ्या दिवशीपर्यंत गढूळ राहते. थरांवरून प्रमाण दिसतं.

आता लिंबू. मातीवर आणि पांढऱ्या खड्यांवर पिळा. फसफसलं तर चुनखडी आहे. जत-आटपाडीकडे बहुतेक वेळा फसफसतं, महाबळेश्वर-कासच्या तांबड्या मातीत काहीच होत नाही, ती आम्लधर्मी आहे. रोपांची निवड करताना एवढी चाचणी बरंच काही सांगते. पश्चिमेच्या जांभ्यावरचं झाड आणून चुनखडीत लावलं की पानं पिवळी पडतात आणि लोक म्हणतात खत कमी पडलं. चुनखडीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही, हे खरं कारण.

पाणी किती वेगाने मुरतं हे बघायला कापलेला डबा दोन-तीन बोटं जमिनीत दाबा, लिटरभर पाणी ओता, घड्याळ लावा. कडेच्या झुडपाखाली आणि गुरांच्या वाटेवर, दोन्हीकडे करून बघा. पोरांना हा प्रयोग फार आवडतो, कारण वाटेवरचं पाणी बराच वेळ तसंच उभं राहतं आणि झुडपाखालचं बघता बघता जिरतं.

एक गोष्ट लोकांना खोटी वाटते: वरची तांबडी माती आणि खालची काळी माती एकाच दगडाची असू शकते. वर पाणी निथळून जातं, हवा खेळते, लोह गंजतं, माती तांबडी होते. धुऊन आलेला चुना आणि सिलिका खाली साठतात, तिथे फुगणारी चिकण काळी माती बनते. त्यामुळे मातीचा नुसता रंग न लिहिता ती डोंगरावर कुठल्या उंचीवरची हेही लिहा.

पाचवी पायरी: उतार आणि तोंड

कोनमापकाची सरळ कड उताराच्या दिशेने धरा, त्या कडेवरून वरच्या माणसाच्या डोळ्यांकडे बघा. दोरा नव्वदच्या खुणेपासून जितका सरकला तितका उतार. तीन अंशांच्या आत असेल तर पावसात पाणी साचतं. पस्तीसच्या पुढे सुटी दगडमाती आपोआप घसरते, तिथे खड्डा घेणं म्हणजे दरडीला आमंत्रण. मधल्या उतारांवर बाकीच्या गोष्टी ठरवतात.

तोंड म्हणजे उतार कुठल्या दिशेला बघतो ते. आपण साधारण साडेसतरा अक्षांशावर आहोत. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेला फक्त 49 अंशांवर असतो. तीस अंशांच्या दक्षिण उतारावर ते ऊन जवळजवळ सरळ आदळतं, तेवढ्याच उत्तर उतारावर मात्र 19 अंशांनी तिरकं घसटून जातं. पावसाळ्यानंतरची ओल कुठे किती दिवस टिकणार, हे या फरकावर ठरतं. म्हणून दुसरी रेघ विरुद्ध बाजूने काढायला सांगितली. एकाच टेकडीच्या उत्तर अंगाला झुडपांची दाटी आणि दक्षिण अंगाला नुसतं कुसळीचं गवत, हे साताऱ्याच्या आसपासच्या कितीतरी डोंगरांवर दिसतं. पश्चिमेकडच्या तोंडाला पावसाळी वाऱ्याचा मार आणि दुपारचं ऊन, दोन्ही असतं.

सहावी पायरी: आता झाडं

झाडांची यादी शेवटी करायची, आधी नाही. नाहीतर आपण ओळखीची झाडं मोजत बसतो आणि जमीन बघायची राहते.

झाडांसाठी दहा बाय दहा मीटरचा चौकोन, गवत-फुलांसाठी एक बाय एक मीटरचा. काय आहे, किती आहे, त्याची पिल्लं, म्हणजे गुडघ्याएवढी रोपं आहेत का. ही शेवटची नोंद विसरू नका. पिल्लं आहेत म्हणजे ती जात इथे स्वतः वाढते आहे.

*जांभ्याचा सडा.* यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. कास हे नाव कासा नावाच्या झाडावरून आलं असं सांगतात. गंमत बघा, झाडाच्या नावाचं ठिकाण आणि प्रसिद्धी झाडं नसलेल्या जमिनीची. 2012 साली पश्चिम घाटाची 39 ठिकाणं जागतिक वारशाच्या यादीत गेली त्यात कास आहे.

सड्यावर पावसात पाणी साचतं, कारण खालचा थर घट्ट आहे. नोव्हेंबरनंतर तीच जमीन कोरडीठाक. माती बोटभर, आम्ल, नत्र नावाला आणि जे थोडं स्फुरद आहे ते लोहाने बांधून ठेवलेलं. अशा उपाशी जमिनीत कोण राहतं ते बघा. सीतेची आसवे नावाची नाजूक जांभळी फुलं, जिला मुळं नाहीतच. ओल्या मातीत तिच्या बारीक पिशव्या असतात, त्यात ती सूक्ष्म जीव पकडते. दवबिंदू चिकट पानांवर किडे धरते. कवल्याची पिवळी फुलं शेंगावर्गातली, मुळांच्या गाठीत नत्र साठवणारी. प्रत्येकाने नत्राची आपापली सोय लावलेली आहे. अशा जमिनीत कुणी शेणखत टाकलं तर या मंडळींचं भलं होत नाही. जाडजूड गवत येतं आणि त्यांना झाकून टाकतं.

सड्यावर पाऊलभर अंतराने वस्ती बदलते. साचलेल्या डबक्यात वायतुरा. त्याच्या शास्त्रीय नावातही सातारा आहे. डबक्याच्या कडेला गेंदाची पांढरी बटणं. बोटभर मातीत सीतेची आसवे. वीतभर मातीत तेरडा आणि सोनकी, त्याहून थोडी खोल जागा मिळाली की टोपली कारवी, जी सात वर्षांनी फुलते. दगडाच्या फटीत आभाळी. सड्याच्या कडेला, जिथे जांभा फुटून माती साठली, तिथे अंजनी, जांभूळ, करवंद, रामेठा. पाचगणीच्या टेबललँडवर पावसाळ्यात चवरीची पानं हळदीसारखी वर येतात. तिचा कंद खाली दडलेला, कोरडे आठ महिने झोपून काढणारा.

मग महाबळेश्वरला त्याच जांभ्यावर रान कसं? तिथे बऱ्याच जागी जांभा कुजून खोल माती झाली आहे, आणि वर पाऊस आणि धुकं भरपूर. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा यांचं बुटकं, दाट रान तिथे उभं राहिलं. दगड तोच, फरक मातीच्या खोलीचा.

*काळ्या दगडाचे कडे आणि टप्पे.* कड्याच्या फटीत रानकेळ आणि पायर. रानकेळ पावसाळ्यात वर येते आणि हिवाळ्यानंतर पानं टाकून खोडात दडून बसते. कोरड्या कड्यावर कांडोळ, त्याचं पांढरं खोड दुरून चुन्यासारखं चमकतं. टप्प्यांवर, मांजऱ्याच्या मुरमात, हिरडा, असाणा, धावडा आणि पश्चिमेच्या उभ्या उतारांवर कारवीची दाट वाढ. ही कारवी आठ वर्षांनी फुलते, मग वाळते. टोपली कारवी वेगळी, ती सड्यावर बुटक्या टोपलीसारखी वाढते. दोघींची सरमिसळ वर्तमानपत्रंही करतात.

नावांचा गोंधळ आला आहेच तर आणखी एक. महाबळेश्वरची अंजनी आणि खानदेश-विदर्भातला अंजन ही पूर्ण वेगळी झाडं. रोपवाटिकेत "अंजन द्या" म्हणालात तर काय हातात पडेल सांगता येत नाही. पान बघून घ्या.

*पूर्वेचे कोरडे डोंगर.* महादेव डोंगररांग, शिखर शिंगणापूर, मिरज-कवठेमहांकाळकडचा दंडोबा, जतचे माळ. इथे खैर, हिवर, हेकळ, बोर, तरवड, साळई, शेमट. गवतात मारवेल, पवना, कुसळी. दगडांच्या आडोशाला माकडशिंगाच्या मांसल कांड्या. या डोंगरांना लोक "बोडके" म्हणतात. मला हा शब्द पटत नाही. मारवेल-पवन्याचा चांगला माळ बोडका नसतो, ते गवताचं रान आहे, त्यात चंडोल घरटी करतात, लांडगे फिरतात, धनगरांची मेंढरं जगतात. त्याच्यावर गिरिपुष्प आणि सुबाभळीच्या रांगा उभ्या केल्या की हिरवं दिसतं खरं, पण रान बदललेलं असतं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर अभयारण्य, 10.87 चौरस किलोमीटर, उजाड डोंगरावर माणसांनी वाढवलेलं वन आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य घातलं. म्हणजे कोरड्या डोंगरावर झाड येतच नाही असं नाही. जिथे तोडीआधी झाडं होती आणि मुरूम फुटका आहे, तिथे राखण केली की येतात. जिथे मुळातच गवत होतं तिथे ओढूनताणून आणू नयेत, एवढंच म्हणतो आहे.

*ओढे.* इथे फार अवघड नाही. करंज, उंबर, जांभूळ, निर्गुडी, मोठ्या पात्रात वाळुंज आणि पाण्यात पाय रोवलेली शेरणी. ओढ्याकाठी काही लावायचं तर हीच.

सातवी पायरी: जमीन की माणूस?

वनस्पती कमी दिसल्या की मातीलाच दोष देऊ नका. वणवा आणि चराई हीसुद्धा मातीइतकीच मोठी कारणं असतात. ओळखायच्या खुणा आहेत. सगळीकडे फक्त कुसळी, तरवड आणि रुई दिसली तर तिथे गुरांनी चाऱ्याचं सगळं खाल्लं आणि नकोसं ठेवलं. झाडांची खोडं खालून काळी, फांद्या जमिनीपासून फुटलेल्या, तर तिथे दरवर्षी वणवा लागतो. घाणेरी आणि रानमोडीची दाटी असेल तर जमीन उघडी पडून वर्षं झाली. कोरड्या भागात तेच काम वेडी बाभूळ करते.

खात्री करायची असेल तर जवळची देवराई शोधा. पाटण आणि जावळीत अजून बऱ्याच आहेत. त्याच उंचीवर, त्याच तोंडाच्या, त्याच खोलीच्या मातीत देवराईत काय आहे ते बघा. आपल्या डोंगरावर काय असू शकलं असतं, याचा तो जिवंत नमुना. देवराई नसेल तर गुरं पोचत नाहीत असा कड्याचा टप्पा बघा, किंवा एक बाय एक मीटरला काट्याचं कुंपण घालून एक पावसाळा थांबा. कुंपणाच्या आतलं गवत ऑक्टोबरात बोलायला लागतं.

आता ठरवा

वहीत प्रत्येक थांब्यासमोर तीनपैकी एक शब्द लिहा: राखा, मदत करा, लावा.

सडा, बोटभर मातीचा माथा, चांगला गवताळ माळ, पस्तीस अंशांपुढचा उतार: राखा. इथे खड्डे नाहीत, चर नाहीत, रोपं नाहीत. पाणी अडवण्याच्या उत्साहात माथ्यावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीतले खंदक, मारले जातात. मुरमाच्या उतारावर चर ठीक आहेत. सड्यावर चर मारला की साचणारं पाणी वाहून जातं आणि वायतुऱ्याचं डबकं एका पावसाळ्यात संपतं. सड्यावरून रस्ता काढतानाही हेच होतं, फक्त कमी दिसतं.

जिथे गुडघ्याएवढी पिल्लं आहेत, तोडलेल्या खुंटांना फुटवे आहेत: मदत करा. वणवा अडवायला जाळपट्टा काढा, दोन-तीन वर्षं चराई थांबवा, एका खुंटावर दोन सरळ फुटवे ठेवून बाकीचे कापा. रोपं विकत आणण्यापेक्षा हे स्वस्त पडतं आणि जगण्याचं प्रमाण कितीतरी जास्त, कारण खाली जुन्या मुळांचं जाळं तयार असतं. अडचण एवढीच की यात फोटो काढण्यासारखं काही नसतं, उद्घाटनाला कुणाला बोलवता येत नाही.

मांजऱ्याचा टप्पा, पायथ्याची खोल माती, खचलेली ओढ्याची काठं, आणि पिल्लांचा पत्ता नाही: लावा. खड्डा उन्हाळ्यातच घ्या, म्हणजे खाली कातळ लागला तर जागा बदलता येते. मोठी झाडं लांब लांब आणि मध्ये झुडपं. करवंदाच्या आडोशाला लावलेलं रोप उघड्यावरच्या रोपापेक्षा चांगलं जगतं, सावली मिळते आणि शेळीचं तोंड पोचत नाही.

बी स्वतः गोळा करता आलं तर उत्तम, पण त्याच डोंगररांगेतलं. जांभळाचं बी जूनमध्ये फळ खाल्ल्याखाल्ल्या पेरायचं, वाळवून ठेवलं तर उगवत नाही. करवंद मे-जूनचं, तेही ताजंच. हिरडा हिवाळ्यात वेचून ठेवता येतो, पण कवच कठीण, भिजवून आणि थोडं तासून लावावा. पांगारा, शेमट आणि साळई यांच्या जाड फांद्या पावसाच्या तोंडावर खोचल्या तरी लागतात.

धावड्याच्या बाबतीत मात्र बियाण्याच्या नादाला लागू नका. त्याच्या गोळ्यांत ढिगाने बी दिसतं, पण बरंचसं पोकळ निघतं. मी तीन वर्षं वाफे करून बघितले, शेवटी वाफ्यात रोपांपेक्षा हरळीच जास्त होती. तुमच्या रेघेवर धावड्याचा एखादा तोडका खुंट असेल तर त्याच्याभोवती दगडांचं कडं करा, मार्चआधी आजूबाजूचं वाळलं गवत कापून घ्या आणि गुराख्याला तो खुंट दाखवून ठेवा.